बाविसाव्या मिनिटाला तुटलेला ख्याल आणि त्यानंतरची जुळणी

मिरजेला माझ्या गाण्याच्या बाईंच्या घरी ध्वनिमुद्रणाची पहिली बैठक झाली, तेव्हा कामोद रागातला विलंबित (संथ लयीतला) ख्याल रंगात आलेला असताना बाविसाव्या मिनिटाला लॅपटॉपच्या पडद्यावर फाइल लिहिता येत नसल्याचा संदेश उमटला आणि ध्वनिमुद्रण थांबले. बाई डोळे मिटून गात होत्या. त्यांचे वय एक्याऐंशी, आणि सलग अर्धा-पाऊण तास गाता येईल इतका दम त्यांना आता आठवड्यातून एखाद्याच दिवशी असतो, हे चौदा वर्षे त्यांच्याकडे शिकत असल्यामुळे मला ठाऊक होते, म्हणून मी त्यांना थांबवले नाही. त्यानंतरची चौदा मिनिटे त्या गायल्या, तबलजींनी उत्तम साथ केली, आणि त्यातले काहीही मुद्रित झाले नाही. जोडलेल्या हार्ड डिस्कची नंतर तपासणी करून आधीचा भाग मला परत मिळवता आला. ती चौदा मिनिटे गेली ती गेलीच.

हे काम मी का हाती घेतले, ते आधी सांगते. बाईंकडे ग्वाल्हेर परंपरेतल्या कितीतरी बंदिशी अशा आहेत की ज्यांचे छापील पुस्तकांतले रूप आणि बाईंना त्यांच्या गुरूंकडून मिळालेले रूप यांत मुखड्याच्या (पहिल्या ओळीच्या) उठावणीपासून फरक पडतो. ज्या मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी विष्णू दिगंबर पलुसकर शिकले, त्याच गावात तोंडी शिक्षणाने उतरत आलेली ही ठेव आहे. तिच्या सुमारे चाळीस कॅसेट माझ्याकडे सांगलीला गावभागातल्या घरी होत्या. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, आमच्या तळमजल्यावर पाणी शिरले, आणि चिखलातून काढलेल्या त्या कॅसेटींपैकी एकही पुन्हा वाजण्याजोगी राहिली नाही. आता बाईंचा आवाज जसा आहे तसा, पण पुन्हा न हरवेल अशा रीतीने मुद्रित करायचा, एवढेच मी ठरवले होते.

मी माध्यमिक शाळेत संगीत शिकवते. संगणकाचे शिक्षण मी घेतलेले नाही. हाताशी होते ते असे: पाच वर्षे वापरलेला, आठ जीबी मेमरीचा आणि २५६ जीबी एसएसडीचा (फिरती तबकडी नसलेल्या डिस्कचा) लॅपटॉप, माइकचा आवाज संगणकात पोहोचवणारा, चार माइक जोडता येतील असा ऑडिओ इंटरफेस, एक जुनी १ टीबीची फिरत्या तबकडीची पोर्टेबल हार्ड डिस्क आणि रीपर हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर, जे साठ दिवस विनामूल्य वापरून पाहता येते आणि नंतर वैयक्तिक वापरासाठी माफक किमतीत परवाना मिळतो. ध्वनिमुद्रण नेहमी बाहेरच्या डिस्कवर करावे, लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर करू नये, असा सल्ला मला दोन-तीन जाणत्यांनी दिला होता आणि मी तो जसाच्या तसा पाळला होता.

डिस्क जुनी आणि मंद असल्यामुळे तिला वेग झेपला नाही, असे मला पहिल्यांदा वाटले आणि भेटलेल्या प्रत्येकाने तेच सांगितले. पण मी कागद घेऊन हिशेब मांडला, तेव्हा तो कुठेही जुळेना. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट या मापाने एका माइकचा आवाज सेकंदाला ४८,००० नमुने गुणिले तीन बाइट, म्हणजे १,४४,००० बाइट इतकी जागा घेतो. आवाज, तंबोरा, तबला आणि पेटी असे चार माइक धरले तरी सेकंदाला सहा लाख बाइटांच्या आतच गोष्ट राहते, आणि तासाला साधारण दोन जीबी होतात. माझ्यासारखी जुनी, पण चालू स्थितीतली हार्ड डिस्कसुद्धा सलग लिहिताना याच्या कितीतरी पट वेगाने लिहू शकते. म्हणजे दोष वेगाचा नव्हता.

उत्तर सापडले ते विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये. ही सोय प्रत्येक विंडोज संगणकात असते आणि यंत्राने केलेल्या व भोगलेल्या महत्त्वाच्या गोष्टींची वेळेसह नोंद तिच्यात सापडते. ध्वनिमुद्रण थांबले त्याच मिनिटाला तिथे नोंद होती की डिस्क अचानक काढून घेतली गेली. वायरला कोणाचाही हात लागलेला नव्हता. मग लक्षात आले की इंटरफेस आणि डिस्क ही दोन्ही मी एकाच साध्या यूएसबी हबवर (एका खाचेतून अनेक खाचा काढणाऱ्या जोडणीवर) लावली होती आणि तो हब लॅपटॉपच्या जुन्या, काळ्या रंगाच्या यूएसबी २.० च्या खाचेत होता. त्या खाचेतून ठरलेल्या मापाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर वीज मिळते. कंडेन्सर माइकना लागणारी ४८ व्होल्टची वीज (फँटम पुरवठा) त्यांच्या वायरीतूनच देणारा इंटरफेस आणि तबकडी फिरवणारी डिस्क ही दोघे त्या एवढ्याशा विजेत वाटेकरी होती. डिस्कला वीज पुरली नाही की ती क्षणभर मान टाकते, आणि विंडोजच्या दृष्टीने ती काढून घेतलेली असते. घरी मी तशीच जोडणी करून रेडिओ लावून ठेवला, तेव्हा अकराव्या मिनिटाला तोच संदेश आला. हब काढून डिस्क निळ्या खाचेत, म्हणजे ९०० मिलिअँपिअर देणाऱ्या यूएसबी ३.० मध्ये, आणि इंटरफेस एकटा काळ्या खाचेत लावला, तेव्हा तीन तास काहीही तुटले नाही.

हे कळल्यावर बाहेरच्या डिस्कवरच मुद्रण करावे हा नियमही मी तपासून पाहिला. लॅपटॉपच्या आत फिरत्या तबकडीची एकच डिस्क असे, विंडोज आणि ध्वनिमुद्रण दोन्ही तिच्यावरच ओढाताण करत, तेव्हा तो सल्ला योग्य होता. आतली डिस्क एसएसडी असेल आणि माइक तीन-चारच असतील, तर माझ्या मते आतच मुद्रित करावे, कारण तिथे वायर नाही, खाच नाही आणि वीज तुटण्याचा प्रश्न नाही. माझ्या लॅपटॉपमध्ये ९० जीबी जागा मोकळी होती. तासाला दोन जीबी या दराने ती चाळीस तासांना पुरते. मिरजेतच राहिलेल्या खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे, आणि तेवढ्यात त्यांनी सारा राग उभा केला. आपल्याला आज जागेची चणचण नाही. भीती आहे ती मुद्रित झालेले एकाच ठिकाणी राहण्याची. म्हणून आत मुद्रण करायचे आणि चहाच्या विश्रांतीतच बाहेरच्या डिस्कवर प्रत काढायची, असा क्रम मी ठरवला.

दुसरी अडचण पहिल्याच मुद्रणात दडलेली होती. वाचलेली बावीस मिनिटे हेडफोन लावून ऐकताना मधूनमधून 'टक्' असा अगदी बारीक आवाज येत होता. एका ठिकाणी तर तिलवाडा तालाच्या आवर्तनात बाई समेवर येण्याच्या नेमक्या आधी, जिथे त्या आवाज किंचित आत घेऊन मग सम ठेवतात, तिथेच तो आवाज होता. तबल्याचा नव्हे, कारण चारही माइकांच्या फाइलींत तो त्याच क्षणी होता.

याच्या मुळाशी बफर असतो. इंटरफेसकडून येणारे नमुने संगणक एकेक करून नव्हे तर ठरावीक संख्येच्या गठ्ठ्याने उचलतो आणि तो गठ्ठा म्हणजे बफर. गठ्ठा लहान ठेवला तर आवाज लवकर ऐकू येतो, म्हणून तो लहानच चांगला अशी माझी समजूत होती आणि मी तो ६४ नमुन्यांचा ठेवला होता. ४८ किलोहर्ट्झला ६४ नमुने म्हणजे सुमारे १.३३ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात संगणकाने येऊन गठ्ठा उचलला नाही, तर त्यातला काही भाग सांडतो आणि तिथे टक् असा आवाज राहतो. लॅटन्सीमॉन नावाचे एक विनामूल्य सॉफ्टवेअर असते, ते चालू ठेवले की संगणकाला कोणता ड्रायव्हर (एखादे उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर) किती वेळ अडवून धरतो हे नावानिशी कळते. माझ्या लॅपटॉपमध्ये वायफायचा ड्रायव्हर मधूनच २.३ मिलिसेकंद अडवत होता. १.३३ च्या गठ्ठ्यासमोर २.३ ची अडवणूक, इतके ते सरळ होते.

मी वायफाय डिव्हाइस मॅनेजरमधून पूर्ण बंद केले, तेव्हा तो आकडा ०.३ च्याही खाली गेला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बफर मी १०२४ वर नेला, म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंद. ज्यांना आधीच्या मुद्रणावर दुसरा आवाज चढवायचा असतो, त्यांना एवढा उशीर चालत नाही. आमच्या बैठकीत मात्र सगळे एकत्र बसून गातात-वाजवतात, गाणाऱ्याच्या कानाला हेडफोन नसतो आणि मला ऐकायचे असेल तर इंटरफेसमधूनच थेट ऐकता येते. तेव्हा आमच्यासाठी उशिराला काही अर्थच नव्हता आणि मी विनाकारण लहान बफर ठेवून काम धोक्यात घातले होते. इंटरफेससोबत त्याच्याच कंपनीचा आसिओ ड्रायव्हर, म्हणजे ध्वनिमुद्रणासाठीचा खास ड्रायव्हर, टाकणे हेही तेवढेच आवश्यक होते. विंडोजच्या सर्वसाधारण ड्रायव्हरवर मी आधी काम चालवत होते.

याशिवाय काही गोष्टी एकदाच बसून बदलल्या. रीपर आपल्या फाइली मुळात डॉक्युमेंट्सच्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि माझ्या लॅपटॉपवर ते फोल्डर आपोआप वनड्राइव्हवर चढत होते, म्हणजे मुद्रण चालू असतानाच त्या फाइली इंटरनेटवर पाठवण्याची धडपड चालू असे. मी मुद्रणाचे फोल्डर तिथून हलवले. विंडोजचे अपडेट बैठकीच्या आठवड्यापुरते स्थगित केले. वीज वाचवण्यासाठी यूएसबीला झोपवणारी जी सोय पॉवर प्लॅनमध्ये असते, ती बंद केली. ही सोय चार्जर लावलेला असताना आणि बॅटरीवर असताना अशी दोन ठिकाणी वेगवेगळी बंद करावी लागते, हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे मला बॅटरीवरच काम करावे लागले.

त्यामागचे कारण बाईंच्या कानांनी शोधले. दुसऱ्या बैठकीनंतर मी त्यांना थोडा भाग ऐकवला, तर दहा सेकंदांत त्या म्हणाल्या, "अगं, तंबोरा लागलेला नाही." मी म्हणाले, "बाई, तुम्हीच लावलात की." त्या ऐकेनात. "मी लावला तो लागलेला होता. यात षड्जाच्या शेजारी काहीतरी चढं बोलतंय." त्यांचा तंबोरा सतारमेकर गल्लीतल्या कारागिराने घडवलेला, जवारी (तारांना गुंजणारा नाद देणारी घोडीची घडण) दर वर्षी काढून घेतलेली, तो बोलू लागला की भोपळ्यातून गंधार आपोआप उमटतो. असा तंबोरा बेसूर असणे शक्य नव्हते. मी घरी येऊन ते मुद्रण कोणती कंप्रता किती आहे ते दाखवणाऱ्या, म्हणजे वर्णपटाच्या, प्लगइनमधून पाहिले, तेव्हा ५० हर्ट्झला, १०० ला आणि २०० ला सरळ रेघा होत्या. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असते आणि तिची घरघर तिच्या पटीत पसरते. बाई पेटीच्या पांढरी पाच या पट्टीत गातात आणि त्यांचा षड्ज साधारण १९६ हर्ट्झवर येतो. १९६ च्या शेजारी सतत २०० बोलत होते. ती वेगळी घरघर म्हणून मला ऐकूच आली नाही. बाईंना मात्र ती चढा लागलेला षड्ज म्हणून ऐकू आली.

जुन्या वाड्यातल्या त्या खोलीतल्या सॉकेटचे अर्थिंग कधीच तुटलेले होते आणि चार्जर लॅपटॉपला लावला की घरघर सुरू होई, काढला की थांबे. वायरमनकडून अर्थिंग दुरुस्त करून घेतले, तरी मी आता बैठकीच्या वेळी चार्जर काढूनच ठेवते. पडद्याचा उजेड कमी केला की बॅटरी अडीच तास जाते आणि बाईंच्या एका बैठकीला तेवढी पुरते. लॅपटॉपच्या पंख्याचा आवाज माइकमध्ये येऊ नये म्हणून तो माजघरात ठेवते आणि माइकच्या सहा मीटरच्या वायरी दारातून आत नेते. त्या बॅलन्स्ड, म्हणजे बाहेरचा विद्युत गोंगाट छाटणाऱ्या, वायरी असल्याने एवढ्या लांबीने आवाजात काही फरक पडत नाही. यूएसबीची वायर मात्र लांब करू नये.

बाहेरच्या डिस्कच्या खरेदीत माझी एकदा फसवणूक झाली. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून २ टीबीची एसएसडी फारच स्वस्त मिळत होती म्हणून मी मागवली. विंडोजमध्ये ती २ टीबीच दिसत होती. तिच्यावर काही ठेवण्याआधी एचटूटेस्टडब्ल्यू या छोट्याशा विनामूल्य सॉफ्टवेअरने ती काठोकाठ भरून परत वाचून पाहिली, तेव्हा खरी जागा ६० जीबीच्या आसपास निघाली. अशा बनावट वस्तूंच्या नियंत्रक चिपलाच खोटी क्षमता सांगायला शिकवलेले असते. खरी जागा संपल्यावरही ती लिहून घेतल्यासारखे दाखवत राहते, फाइलींची नावे दिसत राहतात, आणि आत काही नसते. ही चाचणी केली नसती तर तीस तासांचे मुद्रण तिच्यावर टाकून मी निश्चिंत झाले असते, या विचाराने आजही अस्वस्थ होते. ती परत पाठवली आणि सांगलीतल्या दुकानातून बिल घेऊन १ टीबीची एक एसएसडी आणि तेवढ्याच दोन साध्या हार्ड डिस्क आणल्या. त्याही तपासल्या. १ टीबीची साधी डिस्क भरून परत वाचायला सहा तासांच्या आसपास लागतात, म्हणून ते काम रात्री लावून ठेवावे.

एसएसडी आणि साधी डिस्क असा भेद मी विचारपूर्वक केला. एसएसडीला पडण्या-हलण्याचे भय कमी आणि वेग जास्त, म्हणून मिरज-सांगली प्रवासात पर्समध्ये तीच असते. पण वीज न देता वर्षानुवर्षे कपाटात ठेवलेल्या एसएसडीतला मजकूर हळूहळू विरू शकतो, तेव्हा दीर्घकाळ ठेवायच्या प्रती मी साध्या हार्ड डिस्कवरच ठेवते आणि दर दोन-तीन महिन्यांनी त्या लावून पाहते.

फॉरमॅटच्या, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीच्या, बाबतीत दोन हार्ड डिस्क एनटीएफएस केल्या आणि एसएसडी एक्सफॅट केली, कारण पुण्याला माझा भाचा मॅकवर मिक्सिंग करतो आणि मॅकला एनटीएफएस वाचता येते पण लिहिता येत नाही. एक्सफॅट दोन्हीकडे चालते; मात्र लिहिणे चालू असताना वायर निघाली तर तिची घडी विस्कटण्याचा धोका जास्त, म्हणून 'सेफली रिमूव्ह' केल्याशिवाय ती मी कधीही काढत नाही. प्रत्येक डिस्कला डिस्क मॅनेजमेंटमधून कायमचे अक्षरही देऊन टाकले. आधी एकच डिस्क कधी 'ई' तर कधी 'एफ' म्हणून उगवे आणि रीपरला आपल्या फाइली सापडत नसत. बाईंचे सगळे गाणे नाहीसे झाल्याच्या धक्क्याने मी एकदा अर्धा तास नुसती बसून होते.

प्रती काढण्यासाठी मी टेराकॉपी वापरते, कारण पडताळणीचा पर्याय निवडला की ती कॉपी झालेल्या फाइली परत वाचून मूळ फाइलींशी ताडून पाहते. एका बैठकीच्या तीन-चार जीबीला चहाची विश्रांती पुरते आणि बाईंच्या उंबऱ्याबाहेर पडताना गाणे दोन ठिकाणी असते. दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या करण्याचे जे पर्याय असतात, ते मी वापरत नाही. मूळ जागी चुकून एखादी फाइल पुसली गेली, तर तो पर्याय प्रतीतूनही ती तितक्याच इमानाने पुसतो.

दोन हार्ड डिस्कपैकी एक माझ्या घरी असते, आता वरच्या मजल्यावर. दुसरी विट्याला नणंदेकडे असते, कारण विटा पठारावर आहे आणि कृष्णेचे पाणी तिथे पोहोचणारे नाही. दोन महिन्यांतून एकदा मी घरची डिस्क घेऊन एसटीने विट्याला जाते, ती तिथे ठेवते आणि तिथली इकडे आणून अद्ययावत करते. नणंद ती स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह, धान्याच्या फळीवर ठेवते. पहिल्यांदा दिली तेव्हा तिने विचारले, "वहिनी, यात दागिने आहेत का?" मी तिला त्यातला पाच मिनिटांचा यमन ऐकवला. तेव्हापासून त्या डब्यावर तिने बाईंच्या नावाची चिठ्ठी लावली आहे.

आतापर्यंत अकरा बैठका झाल्या, सव्वीस बंदिशी मुद्रित झाल्या आणि पहिल्या बैठकीनंतर एकदाही काही तुटले नाही. नोव्हेंबरात बाईंनी आपणहून कामोद पुन्हा काढला. या वेळी ख्याल एक्केचाळीस मिनिटे चालला. त्यांनी तंबोरा खाली ठेवला, तशी मी माजघरातून प्रत काढून, ताडून, हेडफोन घेऊन त्यांच्याजवळ आले. बराच वेळ त्या नुसता सुरुवातीचा तंबोरा ऐकत राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "हां, आता लागलाय. पुढच्या रविवारी नंद घेऊ. त्याचा अंतरा माझ्याशिवाय आता कोणाकडे नाही."

रविवारसाठी मी लॅपटॉपवर पन्नास जीबी जागा मोकळी करून ठेवली आहे.